पहिला उंदीर

संस्थेच्या तळघरात उंदरांची खोली होती आणि ती गेली एकोणीस वर्षं एकाच माणसाच्या हातात होती. चारशे पिंजरे, प्रत्येकातला भुसा, दाणा, पाण्याची बाटली, वरची चिठ्ठी, सगळं त्यांना तोंडपाठ. संध्याकाळी काम आटोपलं की ते दाराला कुलूप लावत आणि तीनदा ओढून बघत. दोनदा नाही, चारदा नाही. तिसरा हिसका देऊन झाला की कुलपावर हलकेच थाप मारत आणि डबा उचलून घरची वाट धरत. त्यावरून कुणीतरी कधीतरी त्यांना कुलूपकाका म्हटलं आणि त्यांचं खरं नाव फक्त हजेरीच्या पटावर उरलं. त्यांना त्याचं काही वाटत नसे. आत खजिना पुरलाय का, असं कुणी विचारलं की ते म्हणत, खजिना नाही, पण चारशे जीव आहेत आणि त्यांना आतून कडी लावता येत नाही.

उंदीर होते वरच्या मजल्यावरच्या बाईंचे. बाई मेंदूच्या शास्त्रज्ञ. ताण आला की माणूस एकच गोष्ट पुन्हापुन्हा का करत बसतो, हा त्यांचा विषय. हात धुणारा धूतच राहतो, गॅस बंद आहे का बघणारा बघतच राहतो. त्या वेळी डोक्यात नेमकं काय होतं ते त्यांना पकडायचं होतं. उंदरांच्या बाबतीत त्यांनी ते बऱ्यापैकी पकडलंही होतं. उंदराला रोज दोन तास अंगाला घट्ट बसणाऱ्या नळीत कोंडायचं, असं तीन आठवडे. नंतर मोकळा सोडला की तो तोंड पुसत बसतो. कपाळामागचा ठरवणारा भाग आणि मेंदूच्या पोटातला सवयींचा भाग, या दोहोंमधल्या धाग्यांवर प्रकाशाची बारीक तार सोडून ठेवायची. बटण दाबलं की उंदीर पुसायला लागतो, सोडलं की थांबतो. काही उंदीर बटण सोडल्यावरही थांबत नसत. गालावरची लव जाऊन कातडी उघडी पडे, तरी पुढचे पाय चाललेलेच. बाईंना ते उंदीर सर्वांत मोलाचे वाटत.

चार वर्षांचं काम त्यांनी लेख करून शास्त्राच्या नियतकालिकाला पाठवलं आणि तो परत आला. तपासणाऱ्यानं शेवटी एक ओळ लिहिली होती. उंदीर तोंड पुसतो हे दिसतं, पण त्याला शंका येते हे कशावरून?

ती ओळ बाईंच्या डोक्यातून जाईना. जेवताना त्यांनी ती नवऱ्याला वाचून दाखवली. नवरा दंतवैद्य, दिवसभर लोकांच्या जबड्यात डोकं घालून कंटाळलेला. तो म्हणाला, बरोबरच विचारलंय की. उंदराला कोण विचारणार, बाबा रे, तुला खात्री आहे का म्हणून? बाई त्या दिवशी त्याच्याशी पुढे बोलल्याच नाहीत.

शंका येणारा माणूस त्यांच्या डोळ्यांसमोरच होता. एकदा दुपारच्या चहाला त्यांनी कुलूपकाकांना वर बोलावलं आणि सहज विचारावं तसं विचारलं, की तीनदाच का? काका थोडे लाजले. वडील गेले त्या वर्षी सुरू झालं, म्हणाले. आधी दोनदा, मग तीनदा. तिसऱ्यांदा ओढलं की मन म्हणतं, चल आता. घरी बायको हसते, पण तिलाही सवय झालीय. त्रास म्हणाल तर काही नाही. बाईंनी विचारलं, आणि तीनदा करूनही मन चल म्हणालं नाही तर? काकांनी कपातला चहा फिरवला. असं कधी झालं नाही, म्हणाले.

माणसांवर अभ्यास करायला समितीची परवानगी लागे आणि समितीनं बाईंना परवानगी दिली होती ती इस्पितळातून पाठवलेल्या, सहीनिशी तयार झालेल्या रुग्णांपुरती. संस्थेच्या नोकरांना त्यात घ्यायचं नाही, असं स्वच्छ लिहिलेलं होतं. बाईंनी तो विषय सोडून दिला. निदान तसं त्यांना वाटलं.

मग एका गुरुवारी काका गेल्यावर बाई स्वतःच्या किल्लीनं तळघरात उतरल्या. एका उंदराचं वजन राहिलं होतं. ते करत असतानाच मुलीचा फोन आला, चष्मा फुटला म्हणून ती रडत होती. बाईंनी एका हातानं फोन धरला, दुसऱ्या हातानं उंदीर पिंजऱ्यात सोडला, झाकण टेकवलं आणि तशाच बाहेर पडल्या. झाकणाची कडी दाबायची राहिली.

सकाळी काका वर आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर रंग नव्हता. एकशे बारा नंबरचा उंदीर रात्रीतून सुटला, मोरीच्या जाळीत अडकून मेला, म्हणाले. नंबर ऐकताच बाईंना सगळं लख्ख आठवलं. माझ्याकडून झालं हो, हे शब्द अगदी जिभेवर आले होते. तेवढ्यात काका स्वतःच्या तळव्यांकडे बघत म्हणाले, "मी सगळ्या कड्या बघितल्या होत्या, मॅडम. मला आठवतंय. म्हणजे, आठवतंय असं वाटतंय."

बाईंनी जिभेवरचे शब्द परत गिळले. वाटतंय या एका शब्दासाठी त्या चार वर्षं झुरत होत्या.

त्या संध्याकाळी त्यांनी घरी जायची घाई केली नाही. तळघरातल्या बोळात सुरक्षेसाठी कॅमेरा होता आणि त्याचं चित्र त्यांच्या संगणकावर दिसे. काकांनी कुलूप लावलं, तीनदा ओढलं, थाप मारली, चार पावलं गेले, परत आले आणि पुन्हा चारदा ओढलं. बाईंनी खणातून एक नवी वही काढली. तारीख घातली आणि लिहिलं: उंदीर सुटला. सात.

आठवड्याभरात आकडा सातावरून पाचावर आला. ताण ओसरला की सवय ओसरते, असा त्याचा अर्थ होत होता आणि बाईंचं म्हणणं नेमकं उलटं होतं. त्यांनी दोन दिवस विचार केला. म्हणजे विचार केला असं स्वतःला सांगितलं; खरं तर किल्ली पहिल्या दिवसापासून त्यांच्या पर्समध्ये होती. सोमवारी काका गेले, बाई खाली उतरल्या, कुलूप उघडलं आणि दार बोटभर लोटून ठेवलं. या खेपेला वहीत वेळही लिहिली. दार मी उघडलं, पाच वाजून पन्नास.

मंगळवारी अकरा झाले. पुढच्या महिन्यात त्यांनी पुन्हा तेच केलं, वर काकांना लेखी ताकीद दिली. कागद हातात देताना त्या म्हणाल्या, मला हे करायला जिवावर येतंय काका, पण नियम म्हणजे नियम. काकांनी कागद दोनदा घडी करून खिशात घातला आणि माफी मागितली. त्या दिवशी एकोणीस. आता ते बस थांब्यावरून परत येत. सकाळी सगळ्यांच्या आधी तासभर येत आणि प्रत्येक झाकणाची कडी अंगठ्यानं दाबत जात, चारशेच्या चारशे, एकही न गाळता. अंगठ्याचं कातडं फाटलं तेव्हा त्यावर पट्टी बांधली. पट्टीमुळे कडी नीट लागल्याचं कळेना म्हणून ती काढून टाकली. झाकणांवर रक्ताचे ठिपके दिसायला लागले. बाईंनी त्यांचीही नोंद केली.

त्या दुष्ट नव्हत्या, असं त्यांना अगदी मनापासून वाटे. मुलीला ताप आला की त्या रजा घेत. शेजारच्या म्हातारीचं औषध आणून देत. काकांकडे बघताना त्यांना वाईटही वाटे, पण ते वाईट वाटणं पावसात भिजणाऱ्या अनोळखी माणसाकडे खिडकीतून बघावं तसं होतं. आणि काम तर पहिल्यांदाच असं चाललं होतं, की रोज सकाळी उठायला उमेद यावी.

एकदा काकांची बायको संस्थेत आली. ठेंगणी, गोल चेहऱ्याची, पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरलेली. यांना सांगू नका मी आले ते, असं आधीच बजावून ती बसली. म्हणाली, घरी हल्ली जेवता जेवता उठतात. गॅस बघतात, नळ बघतात, मग मला म्हणतात, तू सांग, बंद आहे ना? मी सांगते बंद आहे. दोन घास खातात की परत विचारतात. परवा माझा धीर सुटला, मी ओरडले, तर लहान मुलासारखे रडले. तुम्ही मेंदूच्या डॉक्टर, काहीतरी औषध द्या.

बाईंनी औषध दिलं नाही. त्यांनी विचारलं, जेवताना साधारण किती वेळा उठतात? विचारतात ते एकच वाक्य असतं की बदलतं? सांगितल्यावर किती मिनिटं बरं वाटतं? काकू आठवून आठवून सांगत होती आणि बाई लिहून घेत होत्या. शेवटी त्या म्हणाल्या, वयाचा भाग आहे, होईल कमी. तुम्ही रोजचे आकडे तेवढे टिपून ठेवा, उपयोग होईल. काकूचे डोळे भरून आले. इतकं बारकाईनं आजवर कुणी विचारलं नव्हतं, असं म्हणून तिनं बाईंचे दोन्ही हात हातात घेतले.

त्यानंतर राहिला होता एकच भाग. ताण एकदा कळसाला न्यायचा आणि मग पूर्ण काढून घ्यायचा, रेघ खाली येते का बघायची. जोडून सुट्ट्या आल्या होत्या. आदल्या संध्याकाळी काका गेल्यावर बाई तळघरात गेल्या आणि शेवटच्या मांडणीतल्या सहा पिंजऱ्यांच्या पाण्याच्या बाटल्यांची तोंडं बुचं घालून बंद केली. काम संपलेले उंदीर होते, तसेही त्यांना मारायचंच होतं, हे त्यांनी आधी यादीत तपासून घेतलं. सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी जाऊन बुचं काढूनही आणली. सुट्टीत दाणापाणी बघायला येणाऱ्या रखवालदारानं बाटल्या भरलेल्या बघितल्या आणि तो पुढे गेला.

कामाच्या पहिल्या सकाळी बाई खाली गेल्या तेव्हा काका जमिनीवर बसले होते. टिपकागदावर सहा उंदीर ओळीनं मांडलेले होते, शेपट्या एका बाजूला, तोंडं एका बाजूला. काकांनी वर बघितलं नाही. "निघताना मी एकेचाळीस वेळा बघितलं होतं," ते म्हणाले. "प्रत्येक बाटलीला बोट लावून. बोट ओलं झालं होतं मॅडम. ओलं झालं होतं असं..." पुढचा शब्द त्यांना म्हणता आला नाही.

त्यांनी राजीनामा लिहून आणला होता. बाईंनी तो घेतला नाही. चूक माणसाकडूनच होते, म्हणाल्या, आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. ताकीदही दिली नाही. त्या दिवसापासून त्यांनी तळघरातलं काहीएक हलवलं नाही, काकांशी गोड बोलल्या, चहाला बोलावलं, पिंजऱ्यांचं काम निम्मं केलं. ताण काढून घेतला. एक महिना गेला, दोन गेले, तीन. रेघ खाली आली नाही. एकेचाळीसच्या आसपास चढउतार करत ती तशीच आडवी चालत राहिली, बटण सोडल्यावरही तोंड पुसणाऱ्या उंदरांसारखी. बाईंनी तो आलेख कागदावर छापून घेतला आणि दार लावून कितीतरी वेळ नुसता बघत बसल्या. इतका देखणा आलेख त्यांना उंदरांनी कधी दिला नव्हता.

वही काकांना सापडली ती त्यांच्या बघण्यामुळेच. आता ते तळघरापुरते थांबत नसत. वरच्या खिडक्या, दिव्यांची बटणं, कपाटं, सगळं बघत. एका दुपारी बाई व्याख्यानाला गेल्या असताना त्यांचा खण अर्धवट उघडा दिसला. काकांनी तो लावला, लागला का बघायला उघडला, पुन्हा लावला, पुन्हा उघडला. कधीतरी त्यांची नजर वहीवर पडली. वर त्यांच्याच नावाचं पहिलं अक्षर होतं.

बाई परत आल्या तेव्हा काका खुर्चीत बसले होते आणि वही मांडीवर होती. समिती, संचालक, लेख, नोकरी, सगळं एका क्षणात बाईंच्या डोळ्यांपुढून गेलं. काका ओरडतील असं त्यांना वाटलं. पण काकांचा चेहरा रागावलेला नव्हता. कित्येक महिन्यांत प्रथमच तो मोकळा दिसत होता.

"म्हणजे दार मी लावलं होतं," काका म्हणाले.

बाईंनी मागचं दार लावून घेतलं.

"बाटल्याही चालू होत्या. बोट ओलंच झालं होतं." त्यांनी बोट वर करून बघितलं आणि हसले. "मला वाटलं माझं डोकं गेलं, मॅडम. बायकोला वाटलं. तसं नव्हतं तर. माझे हात बरोबर होते."

त्यांनी कशाचाही जाब विचारला नाही, फक्त वही उघडून पहिलं पान पुढे केलं. तिथं वेळ नव्हती, मी असंही कुठे नव्हतं. नुसतं उंदीर सुटला, सात. "एवढंच राहिलंय," ते म्हणाले. "हाही तुम्हीच सोडलात ना?"

बाईंना उत्तर द्यायला फार वेळ लागला नाही. सगळ्या चुका आपल्या ठरल्या तर हा माणूस इथून उठून थेट संचालकांकडे जाईल, आणि त्याला अडवायला आपल्या हातात काही उरणार नाही. एखादी चूक त्याची राहिली, तर तो अडकून राहील. हा हिशेब त्यांच्या डोक्यात इतक्या सरळपणे झाला, की नंतर त्यांना स्वतःलाच त्याचं नवल वाटलं.

"नाही काका," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "पहिला उंदीर तुमच्याकडूनच सुटला. त्यावरूनच तर मला तुमचा आजार कळला. मी तो निर्माण केला नाही, फक्त मोजला. तुमच्यासारख्या हजारोंना बरं करायचं म्हणून."

काकांचा चेहरा मिटत गेला. बाईंनी तो मिटताना बघितला, एखादी सैल मूठ आवळत जावी तसा. मग काकांनी विचारलं, एकशे बारा ना? कडी नुसती टेकलेली होती की पूर्ण उघडी? बाई म्हणाल्या, ते मला कसं माहीत असणार? काकांनी मान डोलावली. वही टेबलावर ठेवली, सरळ आहे का बघितलं, पुन्हा सरळ केली. मग निघून गेले. ते संचालकांकडे गेले नाहीत. महिन्याभरात त्यांनी मुदतीआधी निवृत्ती मागितली आणि बाईंनी त्यांच्या शिफारसपत्रात त्यांच्या चोख कामाबद्दल चार ओळी लिहिल्या.

नवऱ्याला बाईंनी यातलं थोडंफार सांगितलं. तो बराच वेळ पाणी पीत राहिला. मग म्हणाला, पण पहिला खरंच त्याच्याकडूनच सुटला होता ना? बाई म्हणाल्या, हो. आणि मुलीच्या ताटात भाजी वाढली.

लेख छापून आला. एका रुग्णाचा नऊ महिन्यांचा अभ्यास: पुरुष, वय चोपन्न, प्राण्यांची देखभाल करणारा, कामाच्या ठिकाणी लागोपाठ घडलेल्या ताणाच्या घटनांनंतर जुन्या सवयीचं आजारात रूपांतर, ताण संपल्यावरही कायम. समितीनं कागद मागितले तेव्हा काकांची सही असलेलं संमतीपत्र त्यात होतं, आणि काका तोवर संस्थेचे नोकर राहिले नव्हते. निवृत्तीच्या कागदांच्या गठ्ठ्यात बाईंनी ते सरकवलं होतं, आणि काकांनी त्या सगळ्याच कागदांवर न वाचता सही केली होती. आपण नीट वाचलं असेल यावर त्यांचा आता विश्वासच नव्हता, मग वाचायचं कशाला?

निवृत्तीनंतर काका फोन करायला लागले. आधी आठवड्यातून एकदा. "मॅडम, तो पहिला उंदीर. नक्की ना?" बाई म्हणत, नक्की. मग रोज. मग दिवसातून चारदा. बाईंनी फोन उचलणं बंद केलं.

त्यानंतर काकू आली. या वेळी तिच्या हातात मुलांच्या शाळेची एक जुनी वही होती, तिच्यात तिनं बाईंच्या सांगण्याप्रमाणे रोजचे आकडे टिपले होते. ती वही तिनं टेबलावर ठेवली आणि पाण्याचा पेला एका दमात संपवला. वाळली होती. म्हणाली, आता ते घराबाहेर पडत नाहीत. दिवसभर एका डब्याला कडी लावतात आणि काढतात. कुठल्या तरी उंदराचं डोक्यात घेतलंय, तेवढं सोडून दुसरं बोलत नाहीत. तुमचं नाव निघालं तर मात्र चांगलंच बोलतात. बाईंच्या जिवात जीव आला.

काकू पुढे वाकली. "एक मागते. तुम्ही त्यांना सांगा, की त्या उंदराच्या पिंजऱ्याची कडी तुमच्याकडूनच राहिली होती. खोटं का होईना, सांगा. तुमच्या तोंडून ऐकलं तर ते मानतील. खोटं बोलल्याचं पाप माझ्या माथी."

खोलीत पंखा फिरत होता. बोळातून कुणीतरी पिंजऱ्यांची गाडी ढकलत नेत होतं, तिचं एक चाक कुरकुरत होतं. बाईंना ती गुरुवारची संध्याकाळ अगदी स्पष्ट दिसली. कानाशी धरलेला फोन, मुलीचे हुंदके, बोटाखालचं झाकण. एक वाक्य होतं. ते खरं होतं, आणि काकू ते खोटं म्हणून स्वीकारायला तयार होती. कुणाला कधी काही कळलं नसतं.

पण ते एकदा तोंडातून गेलं असतं, तर बाईंना ते स्वतःच्या कानांनी ऐकावं लागलं असतं.

"काकू," त्या म्हणाल्या, "असे आजार खोटी खात्री देऊन बरे होत नाहीत. उलट वाढतात. आमच्या शास्त्राचा हा पहिला नियम आहे. आज मी सांगेन, उद्या ते विचारतील, नक्की का?"

काकूनं टेबलावरच्या वहीवरून एकदा हात फिरवला. मग मान डोलावली. तुम्हाला जास्त कळतं, म्हणाली, आणि उठली. वही तिनं परत नेली नाही.

वसंतात बाईंना परिषदेत बोलायला बोलावलं. सभागृह भरलेलं होतं. पडद्यावर आलेख आला तेव्हा पुढच्या रांगेतले लोक वाकून बघायला लागले. भाषण संपल्यावर एका वयस्कर डॉक्टरनं हात वर केला आणि विचारलं, की रुग्ण आता कसा आहे?

बाईंनी पाण्याचा घोट घेतला. "स्थिर आहे," त्या म्हणाल्या, आणि पुढचा प्रश्न घेतला.